स्वरयंत्राचा कर्करोग शेक दिल्यानंतर उलटला, तर थोडाच भाग काढून भागते का?

आपल्या वडिलांना शेक, म्हणजे रेडिएशन, दिल्यावर दीड वर्षाने आजार त्याच जागी उलटला आहे. एक डॉक्टर स्वरयंत्राचा थोडा भाग काढू म्हणतात, दुसरे संपूर्ण. मी डोके व मानेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करतो. रिपोर्ट पाहिल्याशिवाय दोघांपैकी कोण बरोबर हे सांगणे योग्य नाही. निर्णय कशावर ठरतो ते लिहितो.

शेकानंतर उलटलेला आजार पुष्कळदा एका गाठीत न राहता, वरून निरोगी दिसणाऱ्या आवरणाखाली लहान लहान बेटांसारखा विखुरलेला असतो, त्यामुळे दुर्बिणीतून दिसतो त्याहून तो मोठा निघतो. आजार एका स्वरतंतूपुरता असेल, कूर्चा, म्हणजे स्वरयंत्राचा सांगाडा असलेले मऊ हाड, शाबूत असेल, तर लेझरने किंवा मान उघडून तेवढाच भाग काढता येतो. कूर्चा पोखरली गेली असेल किंवा आजार खाली श्वासनलिकेकडे उतरला असेल, तर संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते.

एक गोष्ट नातेवाईक क्वचितच विचारतात: फुप्फुसे कशी आहेत? अर्धवट स्वरयंत्राने गिळताना काही आठवडे, कधी महिने, ठसका लागतो आणि अन्नाचे कण श्वासमार्गात उतरतात. म्हणून मी रुग्णाला माझ्यासमोर दोन जिने चढायला लावतो. तीस वर्षे बिडी ओढलेला माणूस पहिल्याच जिन्यावर कठडा धरून थांबला, तर ही ‘छोटी’ शस्त्रक्रिया त्याला वारंवार न्यूमोनिया देऊ शकते. स्वरयंत्र जागेवर राहिले, पण अन्नासाठी पोटात नळी आणि श्वासासाठी मानेत भोक कायमचे राहिले, तर वाचवले काय?

संपूर्ण स्वरयंत्र काढल्यावर श्वासाची आणि अन्नाची वाट वेगळी होते, त्यामुळे असा ठसका लागत नाही. किंमत मात्र मोठी आहे: मूळचा आवाज जातो आणि श्वास मानेतल्या भोकातून घ्यावा लागतो. शेकाने कडक झालेली त्वचा आणि घसा सावकाश भरतो, टाक्यांतून लाळ झिरपण्याचा धोका असतो. म्हणून अनेकदा छातीचा स्नायू वर आणून आधार द्यावा लागतो. बोलण्यासाठी श्वासनलिका आणि अन्नाची वाट यांच्यामधल्या भिंतीत छोटी झडप बसवता येते; भोक दाबले की श्वास तिच्यातून घशात जातो आणि आवाज निघतो. माझे एक रुग्ण भाजी विकतात. अंगठ्याने भोक दाबून ते भाव सांगतात आणि धूळ जाऊ नये म्हणून गळ्यात पातळ रुमाल बांधतात. घासाघीसही तितकीच करतात.

थोडा भाग काढायचे ठरले, तर आधीच विचारा की कापलेल्या जागेच्या कडांचे तुकडे शस्त्रक्रिया चालू असतानाच तपासले जाणार का, आणि त्यांत आजार सापडला तर त्याच वेळी संपूर्ण स्वरयंत्र काढणार का. ती संमती वडिलांनी स्वतः, आवाज असताना, समजून द्यायला हवी. भूल दिल्यावर बाहेर बसलेल्या मुलाकडे सही मागण्याची वेळ येऊ नये.