इशापूरची २ए१ रायफल घरी साफ करता येईल का? दुर्बीण बसवावी का?

तुम्ही अमेरिकेत सेकंडहँड इशापूर २ए१ घेतली आहे आणि ती घरीच साफ करून वर दुर्बीण, प्लास्टिकचा दस्ता बसवायचा विचार आहे, असं लिहिलंय. माझ्याकडे १९६७ची आहे. लहानपणी पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली रायफल टेक्सासात हाताशी आली तेव्हा घेतल्याशिवाय राहवलं नाही. म्हणून आधीच सांगतो: साफ जरूर करा, बदलू मात्र नका.

ही जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीत फेरफार करून बनवलेली नाही. १९६२च्या चीन युद्धानंतर कोलकात्याजवळच्या इशापूर कारखान्यात ७.६२ मिमी काडतुसासाठी ती नव्याने, जास्त मजबूत पोलादात घडवली गेली. दुर्बिणीसाठी भोकं पाडलीत की ती कायमची. मूळ स्वरूप जातं, किंमतही उतरते.

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि गोळी बसते त्या जागेत बोट घालून, दोन्ही प्रकारे बघा. मगच ती खोला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागचा दस्ता सैल वाटला तर लगेच लांब स्क्रूड्रायव्हर घालून त्याचा बोल्ट फिरवू नका. त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या, म्हणजे नळीखालच्या, लाकडातल्या एका पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी उतरवलं नाही, तर बोल्ट फिरताना ते लाकूड आतून फोडतो. माझं असंच फुटलं. पन्नास वर्षं टिकलेलं लाकूड माझ्या हातून चिरलं, त्याचं अजून वाईट वाटतं. जोडताना क्रम उलटा: दस्ता आधी घट्ट, पुढचं लाकूड शेवटी.

लाकडात मुरलेलं जुनं ग्रीस काढायला काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवा आणि पाझरेल तसं पुसत राहा. सँडपेपर अजिबात नको, शिक्के पुसले जातात. लाकूड दबून खळगा पडला असेल तिथे ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, दबलेले तंतू फुगून वर येतात. त्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, दोन हातांमध्ये दिवसभर थांबा. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून ठेवा किंवा बाहेर पसरून वाळवा.

गोळी भरताना हाताने मागेपुढे करतो त्या बोल्टवरचा (दस्त्याच्या नव्हे) नंबर रायफलीच्या नंबराशी जुळतो का पाहा. जुळला तरी पहिली गोळी झाडण्याआधी गनस्मिथकडून, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडून, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा) गेजने तपासून घ्या. हे काम अंदाजाने करायचं नाही.

सुधारणाच हवी असेल तर चांगला चामड्याचा पट्टा लावा. दुर्बिणीसाठी दुसरी रायफल घ्या.

भारतातून वाचणाऱ्यांनी मात्र यातलं काही घरी करू नये. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे तिथे शस्त्रं दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही वेगळा परवाना लागतो.

पुढचं लाकूड उतरवताना अडलात तर फोटो टाका, मी बघतो.