चालत्या युद्धनौकेला समुद्रात दारूगोळा कसा देतात? ही यंत्रणा कशी बदलत गेली, आणि हेलिकॉप्टर असताना अजून वायर कशाला लागते?

दोन जहाजं डुलत असताना, जिच्यावरून माल लटकवून पाठवतात ती त्यांच्यामधली वायर ताणलेली कशी ठेवायची, या एका अडचणीभोवती हा सगळा इतिहास फिरतो. नौदलाबद्दल वाचायची जुनी खोड आहे म्हणून उत्तर देतोय. अमेरिकी नौदलापुरतंच सांगतो, कारण हा प्रवास तिथे सलग दिसतो.

दुसऱ्या महायुद्धात बराच काळ दारूगोळा नांगर टाकूनच भरला जायचा. त्यातला धोका १० नोव्हेंबर १९४४ ला दिसला. पॅसिफिक महासागरातल्या मानुस बेटाजवळच्या सीअ‍ॅडलर बंदरात 'माउंट हूड' हे दारूगोळा जहाज सुमारे ३,८०० टन स्फोटकांसह उडालं. जहाजावर असलेलं कोणीही वाचलं नाही. त्यावेळी कामानिमित्त किनाऱ्यावर गेलेले १८ जण तेवढे उरले. पुढे शोध घेतला तेव्हा जहाजाचा १६ बाय १० इंचांहून मोठा तुकडा मिळाला नाही. (या जहाजांना ज्वालामुखींची नावं द्यायची पद्धत होती: शास्ता, लासेन, पुढे मौना केआ, किलाउआ. शिवाय 'नायट्रो' आणि 'पायरो' होतीच. नावं ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी लागेल.)

बंदरात परतण्यात दिवस जायचे ते वेगळंच. म्हणून फेब्रुवारी १९४५ मध्ये इवो जिमाच्या लढाईत 'शास्ता'ने चालता चालता दारूगोळा द्यायला सुरुवात केली. तेव्हाची पद्धत 'बर्टन'. दोन्ही जहाजांवर एकेक विंच (वायर गुंडाळणारं-सोडणारं यंत्र), दोन्हींच्या वायर एकाच हुकाला जोडलेल्या. इकडच्याने वायर सोडायची, तिकडच्याने ओढायची. दोघांनाही समोरच्या जहाजावरच्या माणसाच्या हातावर विसंबून राहावं लागे. जहाजं एकमेकांकडे कलली की वायर ढिली पडून माल लाटेत बुडायचा. विरुद्ध बाजूंना कलली की वायर तुटायची वेळ. आणि माल म्हणजे काय, तर १६ इंची तोफेचा एक चिलखतभेदी गोळा सुमारे १,२२५ किलोचा!

त्यातच जहाजांमधलं अंतर जेमतेम दीडशे फूट आणि वेग बारा ते सोळा नॉट. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात पाण्याचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. अंतर मोजायला आजही एक दोरी ताणतात. तिच्यावर दर २० फुटांवर झेंडी असते, क्रमाने हिरवी, लाल, पिवळी, निळी, पांढरी. समोर कुठली झेंडी आली ते पाहून सुकाणू एखाद-दुसऱ्या अंशाने वळवायचं. इतकी साधी गोष्ट टिकून राहिली, हे मला फार आवडतं.

खरा बदल घडवला तो रॅम टेन्शनरने. वायर कप्प्यांवरून फिरवून एका दट्ट्याला दिलेली असते आणि दट्ट्यामागे दाबलेली हवा असते. जहाजं लांब गेली की दट्ट्या दबतो आणि वायर सुटते. जवळ आली की दट्ट्या बाहेर येऊन ढील ओढून घेतो. विंचवाल्याच्या मनगटावर होतं ते काम आता यंत्राकडे गेलं.

क्षेपणास्त्रं आली तेव्हा १९६० च्या दशकात 'फास्ट' नावाची स्वयंचलित यंत्रणा बसवली. कल्पना उत्तम, पण गुंतागुंत फार. तिची जागा 'स्ट्रीम'ने घेतली. हिच्यात अवजड यंत्रं पुरवणाऱ्या जहाजावर राहतात आणि घेणाऱ्याकडे वायर अडकवायची मजबूत जागा असली की बहुतेक भागतं. माझ्या मते 'स्ट्रीम' टिकली ती यामुळेच. ताफ्यातल्या प्रत्येक विनाशिकेवर नाजूक यंत्रं सांभाळत कोण बसणार?

आता हेलिकॉप्टर. १९६८ पासून आलेल्या किलाउआ वर्गाच्या जहाजांवर हेलिकॉप्टरसाठी डेक आणि हँगर होते. खाली जाळीत माल लटकवून ते पांगलेल्या जहाजांना भराभर वाटता येतो, आणि दारूगोळाही असाच भरपूर जातो. पण वजनाची मर्यादा आडवी येते, हवामानही. जड माल एकामागून एक, तासन्‌तास द्यायचा तर वायरच बरी. म्हणून दोन्ही सोबत चालतात. किलाउआ वर्गाची जागा पुढे ल्युईस अँड क्लार्क वर्गाने घेतली. ती जहाजं दारूगोळ्याबरोबर अन्न आणि थोडं इंधनही नेतात.

अजून न सुटलेलं कोडं म्हणजे उभ्या नळकांड्यांतली क्षेपणास्त्रं. माल डेकवर उतरवणं वेगळं आणि डुलत्या जहाजावर क्षेपणास्त्राचा लांबलचक डबा उभा करून अरुंद भोकात सोडणं वेगळं. अशा उभ्या नळकांड्यांची 'मार्क ४१' ही यंत्रणा; तिच्या सुरुवातीच्या संचांत यासाठी घडीची क्रेन होती. ती तीन नळकांड्यांची जागा खायची, म्हणून ६४ ऐवजी ६१ क्षेपणास्त्रं मावायची. समुद्रात तिचा उपयोग होईना, तेव्हा पुढच्या जहाजांवर ती काढूनच टाकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅन डिएगोजवळ 'चोझिन' या क्रूझरवर 'ट्रॅम' नावाच्या यंत्राने एक रिकामा डबा चालत्या जहाजावर नळकांड्यात उतरवून दाखवला. भरलेले डबे मात्र अजून बंदरात किंवा शांत पाण्यात नांगर टाकूनच चढवतात.