चेहरा काढताना डोळे नेहमी बदामासारखेच येतात, सराव कसा करू?

कारण तुम्ही समोरचा डोळा काढत नाही, डोक्यात ठसलेला काढता. आठवडाभर पूर्ण चेहरा काढूच नका. आरशासमोर बसा, दिवा एका बाजूला ठेवा आणि एकच डोळा काढा. वरची पापणी बुबुळाचा थोडा भाग झाकते. पांढरा भागही पापणीच्या सावलीमुळे करडा दिसतो. नाकाला बाह्यरेषा नको, नाकपुड्यांखालची सावली भरा, नाक आपोआप उठतं. कानांसाठी लोकलमध्ये डुलक्या काढणारे प्रवासी उत्तम (एका काकांनी जागे होऊन माझी वही तपासली होती!). पूर्ण चेहऱ्याकडे वळाल तेव्हा हात ताठ धरून पेन्सिलीने मोजा: डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवखे जवळपास सगळेच ते फार वर काढतात.