चौकात, प्रदर्शनात जिवंत गाई-बैल, शेळ्या ठेवून केलेल्या इन्स्टॉलेशनला (म्हणजे एखाद्या जागेत मांडणी करून केलेल्या कामाला) कला म्हणायचं का?

हो, म्हणता येतं. पण तुमचा प्रश्न तिथं संपत नाही, कारण एकदा कला म्हटलं की लोक पुढचं सगळं माफ करून टाकतात आणि माझा राग नेमका त्याच्यावर आहे. तुम्ही त्याला कला म्हणा, नाटक म्हणा नाहीतर जाहिरात म्हणा, त्या बैलाच्या तहानेत त्याने काही फरक पडत नाही.

मी कुठून बोलतोय ते सांगतो. आमची शेती निफाड तालुक्यात, घरी जनावरं आहेत, आणि मी नाशकात गणपती-नवरात्रात मंडळांचे देखावे करतो, बाकी वर्षभर प्रदर्शनं आणि लग्नांचे सेट. त्यामुळे "दादा, गावाकडचा फील पाहिजे, एक खरी बैलजोडी उभी करता येईल का" हे मला दर सीझनला कोणीतरी विचारतंच. हॉटेलवाले विचारतात, लग्नवाले विचारतात, आता आर्ट फेस्टिवलवाले पण विचारायला लागलेत, आणि ते तर "ही कन्सेप्ट आहे" म्हणतात त्यामुळे त्यांना नाही म्हणणं जास्त अवघड जातं.

बाहेरच्या देशात हे बरंच आधीपासून चालू आहे. १९६९ ला रोममध्ये यानिस कुनेलिस नावाच्या कलाकाराने एका गॅलरीत, जी आधी गॅरेज होती, बारा जिवंत घोडे भिंतीला बांधून ठेवले, बाकी तिथं काहीच नाही. वास, लीद, खुरांचा आवाज, अंगाची ऊब, हे सगळं अशा जागी आणलं जिथं लोक भिंतीवरची चित्रं बघायला आणि विकत घ्यायला येतात. तिथं प्लास्टरचे घोडे ठेवले असते तर काही झालं नसतं, म्हणून मी त्याला कला मानतो. घोडं तिथं जिवंत असण्याला कारण होतं. बांधून ठेवलेले होते हे मला आवडत नाही ते वेगळं.

मला खरं पटलेलं काम म्हणजे बॉनी शर्क या बाईंचं. १९७० साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी हायवेच्या कडेला, नुसतं काँक्रीट असलेल्या जागी हिरवळ अंथरली, झाडं ठेवली आणि तिथं जिवंत गाय आणली. आणि नंतर १९७४ पासून हायवेच्या उड्डाणपुलांच्या खालीच खरोखरचं शेत उभं केलं, जनावरं, भाजीपाला, शाळेची पोरं, सगळं, आणि ते बरीच वर्षं चालवलं. म्हणजे कलेचं काम करता करता त्या जनावराला राहायला जागा तयार झाली. जर्मनीतल्या कासलला १९९७ च्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात कार्स्टन हॉलर आणि रोजमेरी ट्रॉकेल यांनी डुकरांसाठी आणि माणसांसाठी मिळून एक घर बांधलं होतं, मध्ये अशी काच की माणसांना डुकरं दिसतात पण डुकरांना माणसं दिसत नाहीत. डुकरं आपली लोळतायत, झोपतायत, गर्दीचा त्यांना पत्ताच नाही. किती साधी गोष्ट आहे, पण बघणाऱ्यांच्या नजरेचा त्रास जनावराला होतो हे आधी कोणीतरी ओळखायला लागतं.

आणि दुसऱ्या टोकाला मार्को एवारिस्ती नावाचा कलाकार. डेन्मार्कमध्ये २००० साली त्याने मिक्सरच्या भांड्यांत पाणी घालून गोल्डफिश सोडले, बटण प्रेक्षकांच्या हातात दिलं, कोणीतरी ते दाबलं पण, मासे मेले, म्युझियमच्या डायरेक्टरवर केस झाली आणि तो सुटला. त्याच एवारिस्तीने २०२५ मध्ये कोपनहेगनला डुकराची तीन पिल्लं पिंजऱ्यात ठेवली, पाणी द्यायचं, खायला द्यायचं नाही, ती उपाशी मरणार हेच प्रदर्शन. का, तर डेन्मार्कच्या डुक्करपालन उद्योगात रोज हजारोंनी पिल्लं मरतात आणि कोणाला पडलेली नाही म्हणून. सुरू झाल्यावर लगेचच प्राणीप्रेमींनी पिल्लं चोरून नेली. आता त्याचा उद्योगाबद्दलचा मुद्दा खरा आहे, मी मान्य करतो, आणि ते काम कला म्हणून बसेल पण कुठल्यातरी व्याख्येत. तरी ते चूकच आहे. दुसरीकडे हजारो मरतायत म्हणून इथली तीन मारायला परवानगी मिळत नाही, आणि ज्याच्यासाठी तू ओरडतोय त्याच्याच पोटावर पाय देऊन कसं चालेल?

आता आपल्याकडचं. मागं शहरातल्या एका मोठ्या कार्यक्रमात, नाव घेत नाही, "मातीशी नातं" टाईपची थीम होती आणि एन्ट्रीलाच एक खिल्लारी जोडी उभी केलेली, झूल, गोंडे, घुंगुरमाळा सगळं एकदम झक्कास, वरून हॅलोजन आणि शेजारी स्पीकर. खाली गुळगुळीत टाईल्स आणि त्यावर पातळ कारपेट. गाडीच्या बैलाच्या खुरांना पत्र्या मारलेल्या असतात, अशा जागेवर त्याचा पाय सरकतो, मग तो चारही पाय फाकवून ताठ उभा राहतो आणि हलत नाही. लोक म्हणत होते बघ किती शांत उभाय, फोटो काढ. तो शांत नव्हता हो. डोळ्याचं पांढरं दिसत होतं, कान मागं, शेण पातळ झालेलं, आणि तोंड बंद. मी बराच वेळ बघत होतो, एकदा पण रवंथ केलं नाही. मागच्या बाजूला त्यांचे मालक बसलेले, सिन्नरकडचे म्हातारे बाबा, त्यांना म्हटलं पाणी पाजलं का, तर म्हणाले, "सकाळपासून पाणी दाखवू नका म्हणले, कारपेट खराब होतं."

हे वाचून तुम्हाला कसं वाटलं माहीत नाही, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आयोजकाला बोललो तर तो म्हणे संध्याकाळपुरतंच तर आहे.

माझी परीक्षा तिथंच आहे, रवंथ. धडधाकट गाय-बैल दिवसातले सात-आठ तास रवंथ करतात, दहा-बारा तास बसून काढतात, चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पितात आणि उन्हाळ्यात त्याच्याही वर. जनावर घाबरलं की पहिलं रवंथ थांबतं. शेळी-मेंढीचं आणखी वेगळं, ती कळपातनं एकटी काढली की ओरडून ओरडून जीव अर्धा करते, आणि नेमकं "एक पांढरं कोकरू मध्यभागी" हेच डिझाईनवाल्यांना सुचतं. तुमच्या इन्स्टॉलेशनमध्ये जनावर बसलं, रवंथ करायला लागलं, शेण टाकलं, कंटाळून तुमच्याकडे पाठ केली, आणि तरी तुमचं काम उभं राहत असेल तर बोला. ते जिवंत पाहिजे पण जिवंतपणाची एकही गोष्ट त्याने करायची नाही असं असेल तर फायबरचा बैल करून घ्या, मी करून देतो, चांगला करतो.

यावर कोणीतरी म्हणणारच की मग पोळ्याला आपण काय करतो? रंगवतो, सजवतो, मिरवतोच ना. हो, बरोबर आहे. पण आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते, कोमट पाण्याने आणि हळद-तुपाने त्याचे खांदे चोळतात, त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत, पुरणपोळी आधी त्याला, आणि मिरवणूक झाली की तो आपल्या गोठ्यात आपल्या गव्हाणीवर. सगळा सण त्याच्या विश्रांतीचा आहे. हल्ली मात्र पोळ्याला पण लोक अंगावर ऑईलपेंटचे ठप्पे मारतात, डीजे लावतात, ते मला अजिबात पटत नाही आणि परंपरा म्हणून ते झाकायचं नाही. जनावर अंग चाटतं, तो रंग पोटात जातो. गेरू आहे, हळद आहे, ते वापरा ना.

आणि जनावर नुसतं बघायचं असेल तर घोटीला डांगी जातीच्या जनावरांचं प्रदर्शन भरतं तिथं जाऊन बघा एकदा. तिथं पायाखाली माती, तोंडापुढं चारा, आणि दावं धरायला घरचाच माणूस. बघायला येणारा माणूस बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो, खूर उचलून बघतो, डांगीच्या कातड्याला जे तेल सुटतं, ज्याच्यामुळं इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात पण तो चिखलात काम करतो, ते बोटाला लावून बघतो. त्याला कोणी इन्स्टॉलेशन म्हणत नाही, पण इतकं नीट बघणारे लोक मला गॅलरीत दिसले नाहीत.

कायद्याचं विचाराल तर प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. तिकीट लावून लोकांसमोर करमणुकीसाठी जनावर दाखवायचं असेल तर त्याखाली नोंदणी लागते, आणि कितीतरी इव्हेंटवाल्यांच्या हे गावीही नसतं. क्रूरतेला दंड किती, तर पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. पन्नास! तेवढ्यात पार्किंग पण होत नाही, त्यामुळे कायद्याच्या भरवशावर राहू नका.

तरी कोणाला करायचंच असेल तर जागा मातीची घ्या, दावं एवढं लांब ठेवा की जनावराला बसता येईल, जोडीतला एक नको दोघं आणा, स्पीकर आणि हॅलोजन लांब, लोक थोडे थोडे सोडा, आणि मालक म्हणाला "बास, आता नेतो" की प्रमुख पाहुणे यायचे असले तरी त्या क्षणी बंद. मालकाच्या हातात ते ठेवा, क्युरेटरच्या, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्याच्या, नाही. हे ऐकून बहुतेक जण "मग राहू द्या" म्हणतात आणि मला त्यात आनंदच आहे.

तुम्ही कुठलं इन्स्टॉलेशन बघून हा प्रश्न टाकलाय ते खाली लिहा. नाशिकमधलं असेल आणि अजून चालू असेल तर दिवस आणि जागा पण लिहा, मी स्वतः जाऊन बघतो आणि आयोजकांशी बोलतो.