क्रूझ आणि शेंगेन व्हिसा : 'उतरायचं नाही ना, मग सिंगल एंट्री चालते' यावर विसंबू नका

एरवी मी इथे वाचते जास्त आणि लिहिते कमी. पण तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात तुम्ही दोघं आणि आई-बाबा अशा चौघांची अथेन्सच्या पिरिअस बंदरातून सात रात्रींची क्रूझ आहे. मध्ये तुर्कस्तानातलं कुशादासी, मग ऱ्होड्स, सँटोरिनी आणि परत पिरिअस. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे आणि एजंट म्हणतो, "कुशादासीला तुम्ही जहाजातच बसा, खाली उतरू नका, म्हणजे सिंगल एंट्रीत (एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसात) भागतं."

२०२३ साली हेच वाक्य मला ऐकवलं गेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. त्यापायी चौघांच्या क्रूझचे साडेचार लाखांच्या वर पैसे गेले आणि बंदरावर पोचूनही आम्हाला जहाजात पाऊल ठेवता आलं नाही. त्यामुळे पासपोर्टची मुदत, विमा, फोटोचा आकार वगैरे जे कुठेही वाचायला मिळतं ते सोडून देते. मी एजंट नाही, वकील नाही. नियम बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द दूतावासाचा आणि क्रूझ कंपनीचा. पण जे अंगावर आलंय ते सांगते.

आमच्या सासूबाईंना पंच्याहत्तर वर्षं झाली त्या निमित्ताने ठरवलं होतं. आम्ही दोघं, सासूबाई आणि माझी आई. दोघी विहिणींना एक केबिन. महिनाभर दोघींचे फोन चालले होते, कुठली साडी, कुठला ड्रेस, जहाजावर देवपूजेचं काय. अनंत चतुर्दशी झाली आणि चौथ्या दिवशी आम्ही निघालो. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात व्हेनिस आणि शेजारी कंसात बारीक अक्षरात रावेन्ना असं होतं. (हेही लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या क्रूझ जहाजांना व्हेनिस शहराला लागून असलेल्या कालव्यातून जायला बंदी आहे. 'व्हेनिसहून' म्हणून विकलेल्या कित्येक क्रूझ प्रत्यक्षात रावेन्नाहून किंवा त्रिएस्तेहून सुटतात. गाडीने दोन-अडीच तास लागतात. हॉटेल घेण्याआधी बंदराचं नाव बघा.)

मार्ग असा होता : रावेन्ना, कोटोर, कॉर्फू, सँटोरिनी, स्प्लिट, परत रावेन्ना. इटली आणि ग्रीस शेंगेनमध्ये आहेतच. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आला, म्हणजे स्प्लिटचा प्रश्न नव्हता. राहिलं कोटोर. ते माँटेनेग्रोत येतं आणि माँटेनेग्रो शेंगेनच्या बाहेर आहे. पाच बंदरांतलं हे एकच, तेही आठ तासांचं. पण जहाज तिथे गेलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि कॉर्फूला परत आत आलात. तुमची दुसरी एंट्री झाली. तुम्ही गँगवेवरून उतरलात की केबिनमध्ये झोपून राहिलात याने फरक पडत नाही, कारण जहाजच बाहेर गेलेलं असतं.

टर्मिनलवर चेक-इनच्या मुलीने आमचे चार पासपोर्ट उघडले, व्हिसाच्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि वरिष्ठाला बोलावलं. स्टिकरवर 'प्रवेश किती' असा एक छोटा रकाना असतो. त्यात ०१, ०२ किंवा एमयूएलटी (म्हणजे मल्टिपल, कितीही वेळा) छापलेलं असतं. आमच्या चौघांच्या व्हिसावर ०१ होतं. पुण्यात व्हिसा हातात आला तेव्हा आम्ही नाव, जन्मतारीख, मुदत सगळं तपासलं होतं. हा रकाना पाहिला होता, पण त्याचा अर्थ कोणालाच लागला नव्हता.

मिस्टरांनी विचारलं, "आम्ही विमानाने कॉर्फूला जाऊन तिथे चढलो तर?" कल्पना बरोबर होती, कारण कॉर्फूपासून पुढची सगळी बंदरं शेंगेनमधलीच होती. त्यांनी फोन लावून विचारलं. उत्तर आलं, मधल्या बंदरावर चढायला कंपनीची आधीपासून परवानगी लागते, आता देता येणार नाही. पुण्याच्या एजंटच्या ऑफिसला फोन केला. पुण्यात तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते, म्हणजे ऑफिस उघडं होतं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, करतो." तो फोन आलाच नाही. संध्याकाळी जहाज सुटलं ते आम्ही पोर्तो कोर्सिनीच्या (रावेन्नाचं क्रूझ बंदर) धक्क्यावरून, बॅगांवर बसून पाहिलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. आई त्यांचा हात धरून बसली होती. पैसे तर गेलेच, पण त्या दोघींचे ते चेहरे मला अजून विसरता येत नाहीत.

परत आल्यावर कागद मागवले तेव्हा खरा प्रकार कळला. त्या ऑफिसने (पेठेतलं आहे, नाव लिहीत नाही) आमच्या अर्जाला क्रूझचं कन्फर्मेशन जोडलंच नव्हतं. 'क्रूझ म्हटलं की जास्त प्रश्न विचारतात' म्हणून इटलीतल्या हॉटेलांची कच्ची बुकिंगं लावली होती आणि अर्जात 'किती वेळा प्रवेश हवा' यापुढे 'एकदा' या चौकटीत खूण केली होती. म्हणजे अर्जात जे मागितलं होतं तेच दूतावासाने दिलं. त्यांना कोटोर माहीतच नव्हतं. आणि त्या अर्जावर सही कोणाची? माझी. चौघांचे अर्ज समोर ठेवले, "इथे, इथे आणि इथे" म्हणून बोट दाखवलं आणि मी स्वतः सही केली, बाकी तिघांच्याही सह्या घेतल्या. बँकेत तीस वर्षं लोकांना 'वाचून सही करा' सांगत आले आणि इथे स्वतः वाचलं नाही. याची टोचणी मला ऑफिसच्या रागापेक्षा जास्त आहे.

भरपाईचं म्हणाल तर, बुकिंग फॉर्मच्या मागे छापलेलं होतं की व्हिसा ही प्रवाशाची जबाबदारी. विमा कंपनीने कळवलं की कागदपत्रं अपुरी असल्याने प्रवास नाकारला गेला तर ते पॉलिसीत बसत नाही. ग्राहक आयोगात जायचा विचार केला होता. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. पण 'सिंगल चालते' हे सगळं तोंडी झालं होतं, एक ईमेल नाही, एक व्हॉट्सॲप नाही. त्यात सासूबाईंचं आजारपण निघालं आणि ते राहूनच गेलं. तुमचा एजंट जे काही म्हणतोय ते आजच्या आज त्याच्याकडून लेखी मागा. "कुशादासीसकट या मार्गाला सिंगल एंट्री पुरते असं ईमेलवर लिहून द्या" इतकंच लिहा. माझा अंदाज आहे, तो लिहून देणार नाही.

आता तुमचं गणित मांडते. मुंबईहून विमानाने अथेन्स, ही पहिली एंट्री. विमान दुबई-दोहाकडून बदललं तरी तेच, फ्रँकफर्टला बदललं तरी एकच. फक्त प्रवेशाची नोंद तिथे होईल. कुशादासीला जाताना बाहेर पडलात. ऱ्होड्सला परत आलात, दुसरी एंट्री. म्हणजे तुम्हाला किमान दोन हव्यात. मी म्हणेन मल्टिपलच मागा, कारण हवामानामुळे मार्ग बदलून शेंगेनबाहेरचं आणखी एखादं बंदर आलं तर दोनाच्या तीन व्हायला वेळ लागत नाही. ग्रीसची सगळी बंदरं आधी करून क्रूझ जर शेवटी तुर्कस्तानात इस्तंबूलला संपली असती आणि तिथूनच घरी परतायचं असतं, तर सिंगलमध्ये भागलं असतं. कोणा ओळखीच्यांचं 'आम्ही सिंगलवर गेलो होतो' हे त्यामुळे खरंही असू शकतं, पण त्यांचा मार्ग वेगळा असेल. तुर्कस्तानचं स्वतंत्र बघावं लागतं. शेंगेन व्हिसा चालू असलेल्या भारतीयांना तिथला ई-व्हिसा मिळतो. तुमच्या जहाजाला तो लागतो का, हे क्रूझ कंपनीला ईमेलवर विचारा.

अपॉइंटमेंटला जाताना क्रूझचं पक्कं कन्फर्मेशन न्या, ज्यात बंदरांची तारीखवार यादी आहे असं. कव्हर लेटरमध्ये दोनच वाक्यं पुरतात : अमुक तारखेला जहाज तुर्कस्तानला जातं, अमुक तारखेला ग्रीसमध्ये परत येतं, म्हणून एकापेक्षा जास्त प्रवेश हवेत. अर्जातली ती चौकट स्वतः बघा. आई-बाबांच्या अर्जातलीही. एकाला मल्टिपल आणि दुसऱ्याला सिंगल मिळाल्याचंही मी पाहिलंय. दिवस मोजताना पोचायचा आणि निघायचा, दोन्ही दिवस धरतात. आणि खोटी हॉटेल बुकिंगं अजिबात लावू नका, कोणी कितीही 'सगळे करतात' म्हणाले तरी. आमचं सगळं तिथेच बिघडलं.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. क्रूझचे रद्द करण्याचे दंड तारीख जवळ येईल तसे वाढत जातात आणि शेवटी शेवटी शंभर टक्के होतात. म्हणून व्हिसा आधी हातात पडेल असं बघायचं. उद्या स्टिकरवर ०१ आलंच, तर दुसऱ्याच दिवशी अर्ज केंद्रात जा, चूक दाखवा, नाहीच जमलं तर नव्याने अर्ज करा. हातात दिवस असतील तरच हे शक्य आहे.

आई-बाबा बरोबर आहेत म्हणून थोडं आणखी. आम्ही गेल्या वर्षी, एमयूएलटी बघून घेऊन, पुन्हा गेलो. सासूबाई आल्या, आईही आली. तेव्हाचं सांगते.

जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, डोलणं कमी जाणवतं. वरच्या मजल्यावरची बाल्कनी फोटोला छान असते, पण ताम्हिणी घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना ती नको. डॉक्टरांना विचारून मळमळीवरची अ‍ॅव्होमिन बरोबर ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनपाशी संध्याकाळपर्यंत पोचतात, म्हणून औषधं, पासपोर्ट आणि एक बदलायचा कपडा हातातल्या पिशवीत. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा, जहाजावर चढल्यावर नव्हे. फोन जहाज सुटायच्या आधी एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर समुद्रात जहाजाच्या उपग्रह नेटवर्कवर जाऊन भलतं बिल येतं.

जहाजावरच्या खर्चाला फॉरेक्स कार्ड (आधी पैसे भरून ठेवलेलं परकीय चलनाचं कार्ड) जोडू नका. पहिल्या दिवशीच रक्कम अडकवून ठेवतात आणि क्रूझ संपल्यावरही ती सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड बरं. रोजची टिप माणशी बिलात आपोआप चढते, चौघांची सात रात्रींची धरून बजेट करा. इथे पॅकेजवर टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापतील, तो तुमच्या पॅनवर जमा होतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर दिसतोय का बघा आणि रिटर्न भरताना वळता करून घ्या. बरेच लोक हे पैसे विसरतात.

बंदरावर स्वतः टॅक्सी करून फिरायला गेलात तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. त्यांच्याच सहलीला गेलात तर थांबतं. कुशादासीजवळचे एफेससचे प्राचीन अवशेष बघायला जायचं असेल आणि आई-बाबा हळू चालणारे असतील तर पैसे जास्त पडले तरी मी जहाजाचीच सहल घेईन. यावर इथले बरेचजण भांडतील, पण माझं मत हेच आहे.

आणि जहाज सुटायच्या आदल्या दिवशीच अथेन्सला पोचा. त्याच दिवशीचं विमान नको. पुण्याहून मुंबईचं विमान गाठताना बोरघाटात ट्रक आडवा झाला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

कोणी म्हणेल आधी छोटी करून बघा, कॉर्डेलिया या भारतातल्या क्रूझ कंपनीची मुंबई-गोवा. आई-बाबांना समुद्र सोसतो का हे कळायला ती चांगली आहे, व्हिसाची कटकट नाही. पण तुमचं बुकिंग झालंय, तर आता तो विषय नको.

अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी चारही अर्ज टेबलावर ठेवा आणि ती एक चौकट चारदा बघा. मार्गातली सगळी बंदरं तारखांसकट इथे टाकलीत तर एंट्र्या मीही मोजून सांगते.