अग्निशमन केंद्रातील जवानांसाठी व्यायामाचे कोणते साहित्य भेट द्यावे?

आपण विचारले आहे की, निपाणी भागातील आपल्या गणेशोत्सव मंडळाला वर्गणीतून उरलेल्या रकमेत जवळच्या अग्निशमन केंद्रातील जवानांसाठी व्यायामाचे साहित्य द्यायचे आहे. मात्र ट्रेडमिल घ्यावी की वजनांचा संच, यावर मंडळात एकमत होत नाही. मी बेळगाव जिल्ह्यातील एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. शाळेच्या मैदानाला लागूनच अग्निशमन केंद्र असल्याने निवृत्तीपूर्वीची पाच-सहा वर्षे तेथील जवानांचा सकाळचा व्यायाम मी घेत असे. त्या अनुभवावरून सांगतो, दोन्ही घेऊ नका.

सुरुवातीला माझीही चूक झाली. आमच्याकडे व्यायाम म्हटला की तालीम डोळ्यांसमोर येते, आणि अंग गळेपर्यंत केली तरच ती मेहनत, अशी समजूत असते. त्या हिशेबाने पहिल्याच आठवड्यात मी सर्वांकडून भरपूर जोर-बैठका काढून घेतल्या. (ओंदु, एरडु, मूरु अशा कन्नडमध्ये बैठका मोजण्याची सवय मला तेथेच लागली, कारण निम्मी मुले विजापूर-बागलकोटकडची होती.) त्याच दुपारी कडब्याच्या गंजीला आग लागल्याचा कॉल आला आणि ओल्या सरीतून होज (पाणी मारण्याची जाड नळी) ओढताना दोघांच्या पोटऱ्यांत गोळे येऊन त्यांना बांधावर बसावे लागले. केंद्राचे अधिकारी रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, ‘‘सर, पैलवानाला कुस्तीची तारीख ठाऊक असते, आम्हाला नसते.’’ तेव्हापासून ड्यूटीवर असताना निम्म्याहून अधिक ताकद खर्ची घालायची नाही, असा नियम मी पाळला. अंग मोडणारी मेहनत ज्याला करायची असेल त्याने ती सुट्टीच्या दिवशी करावी.

या कामात स्नायूंपेक्षा हृदयाची काळजी अधिक घ्यावी लागते. तासन्‌तास बसलेला माणूस घंटा वाजताच धावत सुटतो, जाड पोशाख, हेल्मेट आणि बी.ए. सेट (धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर घ्यायचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा) मिळून वीस किलोंच्या आसपास ओझे अंगावर चढते, शरीरातील उष्णता बाहेर पडू शकत नाही, घामामुळे रक्तातील पाण्याचा अंश घटतो, आणि अशा अवस्थेत हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या जवळ जातात. अमेरिकेत 1994 ते 2004 या काळात ड्यूटीवर मरण पावलेल्या अग्निशामकांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात, 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यातील मृत्यू वगळता, 39 टक्के मृत्यू हृदयविकाराने झाल्याचे दिसले. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश प्रत्यक्ष आग विझवताना झाले होते, आणि हे काम त्यांच्या एकूण वेळेच्या फार तर 1 ते 5 टक्के असते. म्हणून पहिले लक्ष दम वाढवण्याकडे हवे. स्वस्थ बसलेल्या माणसाला जितका प्राणवायू लागतो त्याच्या 12 पट वापरण्याची क्षमता अग्निशामकात असावी, हा दंडक अनेक देशांत मानला जातो.

हा दम वाढवण्यासाठी ट्रेडमिलची गरज नाही. तिच्यावर एका वेळी एकच जण पळतो, वीज गेली की ती थांबते, आणि बिघडली की दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरून ती कोपऱ्यात पडून राहते. त्याऐवजी सुताराकडून सुमारे 30 सेंटिमीटर उंचीचे सहा-सात भक्कम लाकडी ठोकळे करून घ्या. त्यांवर पंधरा-वीस मिनिटे चढ-उतार करावी, आणि ती अशा गतीने की शेजाऱ्याशी बोलता यावे. सवय झाल्यावर आठवड्यातून एकदा पाठीवर बी.ए. सेट घेऊन तेच करावे. वजनांच्या संचाचे काम वाळूची पोती आणि मुद्गल करतात. बाद झालेला होज तर केंद्रातच असतो. 63 मिलिमीटर व्यासाच्या 15 मीटर होजमध्ये सुमारे 47 लिटर पाणी मावते. तो भरून ओढण्यात कंबर, मांड्या आणि पकड यांना जे वळण लागते, ते बारबेलने लागत नाही.

खरे उपयोगाचे साहित्य मात्र वेगळेच आहे, आणि उद्घाटनाच्या फोटोत ते फारसे उठून दिसणार नाही. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि चांगला वजनकाटा द्या. मोठ्या कॉलच्या आधी आणि नंतर वजन केले, तर घटलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण एक लिटर पाणी अंगातून गेले, हे डोळ्यांना दिसते. मग लिंबू-साखर-मिठाचे पाणी किंवा ताक पिण्याचा आग्रह करावा लागत नाही. आमच्याकडे सर्वांत दुर्लक्षित असत ते गाडीचे ड्रायव्हर. ते वयाने मोठे, बसून राहणारे, आणि ‘‘आम्हाला कशाला व्यायाम’’ असे म्हणणारे. पण पंपही तेच चालवतात आणि धुरातही तेच उभे असतात. चाळिशीपुढच्या सर्वांची साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी यांची वार्षिक तपासणी मंडळाने एखाद्या डॉक्टरांकडून करवून दिली, तर ती साहित्यापेक्षा मोठी देणगी होईल.

रक्कम उरलीच तर पोहण्याच्या तलावाची फी भरा. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या लोकांना याचे कारण सांगायला नको. साबण आणि अंग पुसण्याचे ओले रुमाल (वेट वाइप्स) हेही देता येतील. अग्निशामकाचे काम कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे मानेवरची आणि हातांवरची काजळी घरी नेऊ नये; ती गाडीजवळच पुसावी.

देण्यापूर्वी केंद्राधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा आणि आलेली वस्तू केंद्राच्या नोंदवहीत चढवून घ्यायला सांगा. ठोकळे ठेवण्याची जागाही त्यांनाच ठरवू द्या, कारण गाडी बाहेर पडण्याच्या वाटेवर तेथे चप्पलसुद्धा ठेवलेली चालत नाही.