पैशाचं शिक्षण घेऊन माणूस खरंच स्वतंत्र होतो का?

हो, होतो, आमच्या कोपरखैरण्यात घरातच बघितलंय.

माझ्या वहिनीचं पोळीभाजी केंद्र आहे, तिला एक जण १ लाखाचं लोन देत होता, १२ टक्के फ्लॅट, ३ वर्षं. ऐकायला स्वस्त वाटतं ना? पण फ्लॅट म्हणजे हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावरच, म्हणजे ३६,००० व्याज. तेच १२ टक्के रिड्यूसिंगने, म्हणजे उरलेल्या रकमेवर, साधारण १९,५०० होतात. फ्लॅटचे १२ म्हणजे खरे २१ टक्क्यांच्या वर जातात, आणि हे बरेच जण आपणहून सांगत नाहीत, आपल्यालाच विचारावं लागतं!

वहिनी दहावी पास, पण मोबाईलवर हप्त्याचा हिशोब करायला शिकली आणि सरळ नाही म्हणाली. मला फार बरं वाटलं, कारण आधी सही करताना ती दादाकडे बघायची.

सुरुवात करायची तर आधी स्वतःच्या एकटीच्या नावावर खातं काढा, नॉमिनी टाका आणि जमेल तसा ३-४ महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, शेअर वगैरे नंतर. आणि बँकेतल्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच विमा असतो, तेव्हा जास्त पैसे असतील तर दोन बँकांत ठेवा.